विश्लेषण : ‘नैसर्गिक’ प्रसाधनांची कमाई इगतपुरीच्या रानापर्यंत पोहोचते का?

शिकेकाई, रिठा, हिरडा, मोहाचे तेल, रानमध… प्रसाधनांच्या बाजारात ‘जंगलातून आणलेले’ या शब्दांना भाव आहे. तो भाव गोळा करणाऱ्यांच्या हाती पडावा आणि झाडही टिकावे, यासाठी कायद्यात काय आहे आणि बाजारात काय नाही?

मुद्दा काय?

दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, कचोरा असतो. केस धुवायला शिकेकाई आणि रिठा होताच. कोकणात भेगाळलेल्या टाचांना लावायचे भिरंडेल आता ‘कोकम बटर’ या नावाने महागड्या लोशनच्या घटकयादीत दिसते. म्हणजे वस्तू जुन्याच आहेत, नवी आहे ती मागणी. पूर्वी गावातली गरज भागवण्यापुरते रानातून येत असे. आता एकेक कंपनी टनांच्या हिशेबाने माल मागते.

यातल्या अनेक वनस्पतींची शेती होत नाही किंवा नाममात्र होते. त्या रानातूनच गोळा केल्या जातात. हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, ‘ट्रॅफिक’ आणि ‘आययूसीएन’ यांनी २०२२ मध्ये ‘वाइल्डचेक’ नावाचा अहवाल काढला. रोजच्या वापरातल्या उत्पादनांत न कळत येणाऱ्या १२ रानवनस्पतींची त्यात नोंद होती. पश्चिम आफ्रिकेतील शिया, मोरोक्कोतील आर्गन, हिमालयातील जटामांसी, ज्येष्ठमध ही त्यातली काही नावे. घटकाचे नाव डबीवर असते, पण तो कोणी, कुठून आणि कसा काढला हे कंपनीलाही अनेकदा सांगता येत नाही, ही त्या अहवालामागची चिंता.

इगतपुरीशी याचा संबंध कसा?

कसारा घाटाच्या माथ्यापासून कळसूबाईच्या रांगेपर्यंतचा हा पट्टा म्हणजे धो धो पाऊस, भाताचे एकच पीक आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई. ठाकर, महादेव कोळी, कातकरी या समाजांची येथे वस्ती आहे. भात निघाला की अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या किंवा वीटभट्ट्यांच्या कामाला बाहेर पडतात. डोंगरात हिरडा, बेहडा, मोह, करंज, आवळा आहे. कड्याकपारीत मोहोळे आहेत. यातला बराचसा माल ज्या काळात मिळतो, तो जानेवारी ते जूनचा काळ नेमका हाताला काम नसण्याचा काळ आहे. म्हणूनच रानमेव्याचे चार पैसे येथे ‘जोडउत्पन्न’ या शब्दात मावत नाहीत.

कातकऱ्यांचे उदाहरण बोलके आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. समाजाचे नावच रानातल्या एका उत्पादनावरून पडलेले. जंगलावर सरकारी ताबा आला, खैर तोडणे गुन्हा ठरले आणि समाजाचा मूळ धंदा गेला. महाराष्ट्रातील तीन ‘विशेष असुरक्षित’ आदिवासी समाजांत कातकऱ्यांची गणना होते. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी कुटुंबांची मुले किरकोळ रकमेच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे वेठबिगारीला ठेवली गेल्याचे उघड झाले. त्यातल्या एका मुलीचा मृत्यू झाला, तेव्हा राज्याचे लक्ष तिकडे गेले. रानातल्या मालाला रास्त दाम मिळण्याची चर्चा करताना हे वास्तव समोर ठेवावे लागते.

दुसरीकडे, आदिवासींचा माल खरेदी करणारे महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ आणि शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ या दोन्हींची मुख्यालये याच जिल्ह्यात, नाशिक शहरात आहेत. मुंबईची बाजारपेठ महामार्गाने काही तासांवर. माल, गरजू हात, सरकारी यंत्रणा आणि ग्राहक इतके जवळ असूनही साखळी जुळत नाही, म्हणून हा पट्टा अभ्यासण्यासारखा आहे.

रानातल्या मालावर हक्क कोणाचा?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपाने, औषधी वनस्पती, मुळे, कंद हे सारे ‘गौण वनोपज’ या व्याख्येत येते. २०१२ च्या सुधारित नियमांनी हेही सांगितले की, या संकलनावर स्वामित्वधन किंवा शुल्क घेता येणार नाही आणि वाहतुकीचा परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देईल. इगतपुरी तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथे १९९६ चा ‘पेसा’ कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियमही लागू होतात.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा या तरतुदींचा खरा अर्थ लोकांना समजला. पण दावा मंजूर होणे ही पहिली पायरी. जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करणे, कोणत्या झाडाचे किती काढायचे हे ठरवणे आणि माल एकत्र करून विकणे या पुढच्या पायऱ्या. अनेक गावे पहिल्या पायरीवर किंवा तिच्याही आधी थांबलेली आहेत. परवाना कोण देणार याबद्दल गावात आणि वनविभागाच्या नाक्यावर एकवाक्यता नसेल, तर व्यापाऱ्याचे फावते. ‘पकडले गेलो तर’ ही भीती भाव पाडायला पुरेशी असते.

हमीभाव आहे, मग अडचण कुठे?

केंद्राने २०१३-१४ पासून गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत लागू केली. मे २०२० मध्ये दर वाढवले गेले. त्यानुसार शिकेकाईच्या शेंगा किलोला ५० रुपये, वाळलेला रिठा १४, मोहाच्या बिया २९, करंजाच्या बिया २२, नागरमोथा ३०, हिरडा १५ आणि मध २२५ रुपये असे दर ठरले. गुळवेलीचा दर २१ वरून ४० रुपयांवर गेला.

आता याच दरांनी हिशेब मांडला, तर दिवसाला ३०० रुपये पाडायला २० किलो वाळलेला हिरडा लागतो, किंवा सहा किलो शिकेकाई, किंवा २१ किलोंहून अधिक रिठा. रानातून आणलेला माल ओला असतो, वाळला की वजन घटते. चढउतार, काटे, डोक्यावरचे ओझे आणि वाळवणाचे दिवस यांची किंमत या दरात कुठेच धरलेली नाही. मजुरीशी तुलना केली तर काही वस्तूंचा दर मुळातच तोकडा आहे.

हिरड्याची गोष्ट आणखी विचित्र आहे. कोवळा असताना गळालेला किंवा झोडून वाळवलेला ‘बाळहिरडा’ बाजारात पक्व हिरड्यापेक्षा कितीतरी जास्त भावाने जातो. सरकारी यादीत मात्र ‘हिरडा’ या एकाच नावाखाली १५ रुपये. जेथे बाजारभाव हमीभावाच्या कितीतरी वर आहे, तेथे हमीभावाचा आधार उरत नाही आणि व्यापारी ठरवेल तो भाव असे होते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव भागात बाळहिरडा हे आदिवासी कुटुंबांचे वर्षाचे मुख्य रोख उत्पन्न आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे नुकसान झाले, तेव्हा भरपाईसाठी तेथील लोकांना पुढची काही वर्षे आंदोलने करावी लागली. शेतातले पीक नव्हे म्हणून पंचनाम्याच्या साच्यात हिरडा बसत नव्हता.

भावापेक्षाही मोठी अडचण वजनकाटा आणि उचल यांची आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, तेव्हा व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते. माल आला की तो त्यालाच द्यायचा. ओलाव्याच्या नावाखाली वजनात कपात होते. सरकारी केंद्रावर दर चांगला असला तरी पैसे उशिरा मिळतात आणि व्यापारी दारात येऊन रोख देतो. ज्या घरात संध्याकाळचे मीठ-मिरची आजच्या विक्रीवर आणायची आहे, तेथे दोन महिन्यांनी खात्यात जमा होणाऱ्या चढ्या दराचा काय उपयोग? राज्याने १९७६ च्या कायद्याने आदिवासी भागात एकाधिकार खरेदीची योजना आणली ती याच पिळवणुकीला आळा घालण्यासाठी. खरेदी केंद्र वेळेवर न उघडणे हे त्या योजनेचे जुनेच दुखणे आहे.

घाटाखालच्या शहापूरने काय वेगळे केले?

कसारा घाट उतरला की ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका लागतो. येथील काही कातकरी तरुणांनी ‘आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था’ स्थापन करून गुळवेल गोळा करायला आणि विकायला सुरुवात केली. ‘ट्रायफेड’च्या वन धन योजनेतून त्यांना केंद्र मिळाले. करोनाकाळात गुळवेलीची मागणी अचानक वाढली आणि औषध कंपन्यांकडून सुमारे दीड कोटी रुपयांच्या मागण्या या केंद्राकडे नोंदवल्या गेल्या.

मागणी नोंदवली जाणे आणि पैसे हातात येणे यात अंतर असते, हे खरे. करोनासारखी लाट दरवर्षी येत नाही, हेही खरे. तरी एक गोष्ट शहापूरने दाखवून दिली. गुळवेल तीच, डोंगर तोच. फरक पडला तो माल एका जागी जमवणे, वाळवणे, तुकडे करणे, पोत्यांत भरून एकसारख्या प्रतीचा देणे यामुळे. कंपनीला दहा घरांतून दहा प्रकारचा माल नको असतो. तिला ओलाव्याचे प्रमाण, बुरशी नसल्याची खात्री, तपासणीचा अहवाल आणि ठरल्या तारखेला ठरले तेवढे वजन हवे असते. ही कामे ज्याच्याकडे होतात, नफाही त्याच्याकडे राहतो. आजवर ती तालुक्याच्या आणि शहराच्या व्यापाऱ्याकडे होती.

एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेल्या वन धन योजनेचा साचा असा : २० सदस्यांचे १५ बचत गट, म्हणजे ३०० संकलक मिळून एक केंद्र आणि त्याला १५ लाख रुपयांपर्यंत साह्य. साचा चांगला आहे. पण यंत्र आणून ठेवणे सोपे आणि खरेदीदार टिकवणे अवघड. खेळते भांडवल नसेल तर केंद्राला संकलकाला रोख देता येत नाही आणि माल पुन्हा व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढतो.

जपून काढणे म्हणजे नेमके काय?

वनस्पतीचा कोणता भाग काढला जातो यावर सगळे अवलंबून आहे. फळ, शेंग, बी काढल्याने झाड मरत नाही. मूळ, साल किंवा संपूर्ण रोप काढले की मरते. त्यामुळे शिकेकाईची शेंग आणि मंजिष्ठाचे मूळ यांना एकाच ‘हर्बल’ शब्दात बसवणे चुकीचे. अनंतमूळ, मंजिष्ठा यांसारख्या मुळांची मागणी रानावर जास्त भारी पडते. त्यांची लागवड हाच बरा मार्ग.

फळाच्या बाबतीतही निष्काळजीपणा होतो. वर चढण्यापेक्षा फांदीच तोडली, तर पुढची काही वर्षे तेथे फळ धरत नाही. शिकेकाईचा वेल ओढून पाडला तर तो संपतो. गुळवेलीचा जमिनीजवळचा भाग राखून वरचा वेल कापला तर ती पुन्हा फुटते. मुळापासून उपटली तर नाही. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो आणि ती आग पुढे रानात शिरते. झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी अंथरली तर आगीची गरज उरत नाही आणि फुलेही स्वच्छ मिळतात. मोहाची सगळी फुले आणि सगळ्या बिया उचलल्या तर नवे रोप येणार कुठून, हा प्रश्न मोहाच्या जुन्या झाडांखाली उभे राहिले की लगेच पडतो. झाडे वयस्क, खाली पोरे नाहीत.

मधाचे तंत्र याहून नाजूक. आग्या मोहोळाचे पोळे पेटवून, अख्खे पिळून मध काढला की अंडी-अळ्यांसकट वसाहत नष्ट होते आणि मधही गढूळ निघतो. पोळ्याच्या फक्त मधाच्या गड्ड्याला हात लावून बाकीचे पोळे राखता येते. वर्ध्यातील मधमाशी विकास केंद्राने असे प्रशिक्षण अनेक आदिवासी संकलकांना दिले आहे. अशा मधाला आणि मेणाला प्रसाधन कंपन्या वेगळा दर देऊ शकतात, कारण तो स्वच्छ असतो.

हे सारे संकलकाला माहीत नसते असे नाही. बहुतेकदा त्याला चांगले माहीत असते. पण जंगल कोणाचेच नाही असे झाले की ‘मी नाही काढले तर दुसरा काढेल’ ही शर्यत लागते आणि फळ पिकण्याआधीच झोडले जाते. शेंगा कधी उतरवायच्या याची तारीख ग्रामसभेने ठरवली आणि ती पाळली गेली, तर कच्चा माल येत नाही, वजन वाढते आणि भावही. हक्काचा कागद आणि झाडाची निगा यांचा संबंध असा थेट आहे.

प्रमाणपत्रांचा उपयोग होतो का?

काही प्रमाणात होतो आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याची ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था उत्तर सह्याद्रीत अनेक वर्षे काम करते. बेहड्याचे जुने, पोकळ झाड हे महाधनेशाचे घरटे. पण बेहड्याच्या फळाला किंमत नव्हती आणि सरपणाला होती, म्हणून झाडे कुऱ्हाडीखाली जात होती. संस्थेने फळाला खरेदीदार मिळवला. ब्रिटनच्या ‘पुक्का हर्ब्ज’ कंपनीने भीमाशंकर आणि परिसरातील हिरडा, बेहडा ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार घेतला. या मानकात झाडावर किती फळ ठेवायचे, संकलकाला दर किती, नोंदी कशा ठेवायच्या यांचे नियम असतात. गोळा करणारे बहुतांशी महादेव कोळी समाजाचे. माल गेला तो मुख्यतः हर्बल चहा आणि औषधी उत्पादनांसाठी. पण प्रसाधनांतही हेच हिरडा-बेहडा वापरले जातात, त्यामुळे पद्धत तीच लागू पडते.

मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. प्रमाणपत्राचा खर्च, तपासणी, नोंदवह्या हे एका पाड्याला परवडणारे नाही. मध्ये खमकी संस्था किंवा टिकाऊ खरेदीदार लागतो. एकाच परदेशी कंपनीवर सारा डोलारा असेल, तर तिने मागणी घटवली की संकलक पुन्हा आठवडी बाजारात.

कंपन्यांनी नफ्यातला वाटा द्यायचा की नाही?

द्यायचा. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार जैविक संसाधनांचा व्यापारी वापर करणाऱ्याने लाभाचा न्याय्य वाटा द्यावा लागतो. देशी कंपन्यांना हे लागू नाही, असा दावा दिव्य फार्मसीने केला होता. उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो फेटाळला. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा वाटा उलाढालीच्या ०.१ ते ०.५ टक्के होता. २०२५ च्या नव्या विनियमांत पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना सूट, त्यापुढे ५० कोटींपर्यंत ०.२ टक्के, २५० कोटींपर्यंत ०.४ टक्के आणि त्यावर ०.६ टक्के अशी उतरंड आहे. त्याआधी, २०२३ च्या दुरुस्तीने (अंमल १ एप्रिल २०२४ पासून) ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलती दिल्या. रानातला माल लागवडीचा म्हणून दाखवला जाईल, अशी टीका त्यावर झाली आणि ती अनाठायी नाही.

या व्यवस्थेचा खरा कच्चा दुवा वेगळाच आहे. वाटा कोणत्या गावाला द्यायचा हे कळण्यासाठी माल कोणत्या गावचा हे माहीत हवे. कंपनी मोठ्या व्यापाऱ्याकडून घेते, तो लहान व्यापाऱ्याकडून, तो आठवडी बाजारातून. पोत्यात तीन जिल्ह्यांचा हिरडा एकत्र झालेला असतो. मग पैसा मंडळाच्या सामाईक निधीत जमा होतो आणि तेथून गावापर्यंत यायला लांबचा रस्ता आहे. स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि नोंदवह्या झाल्या, पण अनेक ठिकाणी त्या कपाटातच आहेत. समितीने आपल्या हद्दीतून दरवर्षी किती शिकेकाई, किती हिरडा बाहेर गेला एवढी जरी नोंद ठेवली, तरी दावा करायला कागद मिळेल.

ग्राहकाने डबीवर काय पाहावे?

घटक लॅटिन नावाने दिलेले असतात. अकेशिया कॉन्सिना म्हणजे शिकेकाई, सॅपिंडस म्हणजे रिठा, टर्मिनालिया चेब्युला म्हणजे हिरडा, मधुका म्हणजे मोह, गार्सिनिया इंडिका म्हणजे कोकम. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचे बंधन आहे. त्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. दर्शनी बाजूला शिकेकाईचे मोठे चित्र आणि यादीत ती सुगंधद्रव्याच्या शेजारी अगदी तळाशी, असे असेल तर त्यात शिकेकाई नावापुरतीच असण्याची शक्यता मोठी. अशा बाटलीमुळे जंगलाचे फार नुकसान होत नाही आणि संकलकाचा फायदाही होत नाही.

‘नैसर्गिक’, ‘वनसंपदा’ अशा शब्दांपुढे पुरावा मागण्याचा अधिकार आता ग्राहकाला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणपूरक असल्याच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. दाव्याला आधार काय, हे कंपनीने जाहिरातीतच किंवा क्यूआर कोड, संकेतस्थळ यांतून उपलब्ध करून द्यायचे आहे. विचारायचे ते एवढेच : माल कोणत्या ग्रामसभेचा किंवा गटाचा, यंदा किती किलो घेतला आणि संकलकाला किलोमागे काय दिले. सरकारी किंवा बचत गटांच्या प्रदर्शनात हे प्रश्न समोरच्या ताईंनाच विचारता येतात आणि बहुतेकदा उत्तरही मिळते. मॉलमधल्या फळीवर ठेवलेल्या डबीच्या क्यूआर कोडमागे मात्र ही तीन उत्तरे अजून सहसा सापडत नाहीत.